सोन्याची शीर आणि खडूची रेघ

विहीर खोदताना मुरूम संपून काळा पाषाण लागला, की त्याच्या पोकळ्यांत कधी कधी लखलखणारे स्फटिक दिसतात. गेवराई, अंबाजोगाईकडच्या शेतकऱ्याला ते नवे नाहीत. पण ते सोन्याचे लक्षण नव्हे. बीड जिल्ह्याचा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. सोने सापडते ते त्याहून कितीतरी जुन्या, अडीचशे कोटी वर्षांपलीकडच्या खडकात. त्यासाठी रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीला जावे लागते. १९५६ पर्यंत बीड आणि रायचूर एकाच हैदराबाद राज्यात होते, म्हणजे हट्टी तशी आपल्याला परकी नाही. कोलारची खाण २००१ मध्ये बंद पडली. हट्टीची चालू राहिली.

खाणीत सोने पिवळेधमक दिसत असेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात टनभर दगडात जेमतेम काही ग्रॅम सोने, तेही बहुधा डोळ्यांना न दिसणारे. पांढरी गारगोटी दिसली म्हणजे सोने असेलच असे नाही आणि शेजारच्या काळपट, दबलेल्या खडकात ते असूही शकते. मग सुरुंग कुठे लावायचा? हे ठरवायला भूगर्भतज्ज्ञ लागतो. तो शिरेवर आडवी खाच पाडून नमुने घेतो, प्रयोगशाळेत त्यांचा कस निघतो आणि त्यावरून तो खडकावर खडूने किंवा रंगाने हद्द आखतो.

त्या रेघेला फार किंमत आहे. समजा, शीर एक मीटर रुंद आहे आणि तिचा कस टनाला सहा ग्रॅम आहे. सुरुंगाने दोन मीटर रुंदीचा दगड पाडला, तर कस तीन ग्रॅमवर येतो. सोने तेवढेच, पण वर काढायचा, दळायचा दगड दुप्पट! उसाच्या मोळीत पाचट गेले की कारखान्याचा उतारा घसरतो, हे आपल्या ऊसतोड कामगारांना सांगायला नको. उलट रेघ आत सरकली, तर चांगला दगड मागेच राहतो. पोकळी भरून काम पुढे गेले, की त्यासाठी परत येणे बहुधा परवडत नाही.

यात आणखी एक चकवा आहे. सोने खडकात सारखे पसरलेले नसते. एखाद्या नमुन्यात मोठा कण आला, की सारी शीरच श्रीमंत भासते. म्हणून अनुभवी माणूस एका आकड्यावर भाळत नाही. शीर कुठे वळली, कुठे चिमटली, कुठे भेगेने तुटून बाजूला सरकली, हे तो नकाशावर रोज टिपत जातो. माझ्या मते हे कागदकामच खाण जगवते.

(जाता जाता : हट्टीजवळच्या मस्कीचा अशोकाचा शिलालेख १९१५ मध्ये सापडला, तो सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या एका खाण अभियंत्यालाच.)

शेवटी गिरणीतून प्रत्यक्ष निघालेले सोने आणि तज्ज्ञाचा अंदाज ताडून पाहतात. सोने कमी भरले, तर नमुना चुकला, फालतू दगड मिसळला की दळताना सोने वाया गेले, याचा शोध पुन्हा त्या रेघेपासून सुरू होतो.