पाणी पिवळं झालं? वा, फारच छान!

पहिले दोन-चार पाऊस पडून गेले की गावातल्या नळाच्या पाण्याला एक उग्र वास यायला लागतो. आजी तांब्या नाकाशी नेते, तोंड वाकडं करते आणि म्हणते, "आज पावडर जास्त टाकलेली दिसतेय!" मग तेच पाणी माठात ओतते. ही पावडर कुठून आली, ती कुणी टाकली आणि किती टाकायची हे त्याला कुणी सांगितलं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. आपण विचारू या. विचारायला पैसे थोडेच पडतात?

गावाला पिण्याचं पाणी देणं हे ग्रामपंचायतीचं काम. त्यासाठी ती एक माणूस नेमते. सरकारी कागदावर त्याचं नाव आहे 'जलसुरक्षक'. नाव ऐकून तलवार घेऊन टाकीवर उभा असलेला कुणी शूरवीर डोळ्यांसमोर येईल! पण तुम्ही त्यांना चांगलं ओळखता. पहाटे मोटार चालू करणारे, या आळीचा व्हॉल्व्ह बंद करून त्या आळीचा उघडणारे, पाणी उशिरा आलं की सगळ्या गावाची बोलणी खाणारे ते काका. बऱ्याच गावांत हेच काका ग्रामपंचायतीचे शिपाईही असतात. आणि रोज सकाळी, आपण अजून पांघरुणात असताना, ते रसायनशास्त्राचा एक प्रयोग करत असतात.

प्रयोगाचं सामान अगदी साधं. दोन बादल्या, एक काठी आणि टीसीएल नावाची पांढरी पावडर. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरच, पण आपल्यासारख्या उष्ण हवेत टिकावी म्हणून थोडा जास्त चुना घालून केलेली. ताजी असेल तर तिच्यात साधारण 33 टक्के कामाचा क्लोरीन असतो. 'ताजी असेल तर' हे महत्त्वाचं बरं का! पोतं उघडं राहिलं, ऊन लागलं, ओल लागली, की क्लोरीन हळूहळू उडून जातो आणि मागे उरतो नुसता चुना. असा चुना टाकून जंतूंना काय फरक पडणार? म्हणून पावडरीचे नमुनेसुद्धा प्रयोगशाळेत जातात. क्लोरीन 20 टक्क्यांच्या खाली गेला असेल तर ती पावडर वापरायची नाही.

आता हिशेब. हजार लिटर पाण्याला साधारण 5 ग्रॅम टीसीएल. समजा, तुमच्या गावची गोल विहीर 4 मीटर रुंद आहे आणि आज तिच्यात 3 मीटर खोल पाणी आहे. वही काढा. रुंदी गुणिले रुंदी गुणिले खोली, म्हणजे 4 × 4 × 3 = 48. विहीर चौकोनी नाही, गोल आहे, म्हणून याला 0.785 नं गुणायचं. उत्तर आलं 37.68 घनमीटर, म्हणजे 37,680 लिटर. एवढ्या पाण्याला टीसीएल लागेल सुमारे 188 ग्रॅम. पाव किलोसुद्धा नाही! 'वर्तुळाचं क्षेत्रफळ आयुष्यात कुठं उपयोगी पडतं' असं वर्गात विचारणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा.

पावडर सरळ विहिरीत भिरकावून द्यायची नाही. आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली पाण्यानं भरून ढवळायची आणि पाच-दहा मिनिटं तशीच ठेवायची. चुना तळाशी बसतो, वर निवळी राहते. क्लोरीन सगळा त्या निवळीत. ती दुसऱ्या बादलीत ओतून घ्यायची आणि दोरानं विहिरीत सोडून वरखाली, इकडेतिकडे हलवायची, म्हणजे ती सगळ्या पाण्यात मिसळते. तळाचा चुना टाकून द्यायचा.

पाण्यात जाऊन ही निवळी करते तरी काय? क्लोरीन पाण्यात विरघळला की हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. जंतूंच्या अंगावर बहुधा ऋण विद्युतभार असतो. सारखे विद्युतभार एकमेकांना दूर लोटतात, हे तुम्ही शिकला असाल. पण हायपोक्लोरस आम्लाच्या कणावर कुठलाच भार नसतो, त्यामुळे त्याला कुणी अडवत नाही. तो जंतूच्या भिंतीतून अलगद आत शिरतो आणि आतली प्रथिनं बिघडवून टाकतो. जंतूचा कारभार ठप्प!

आणि आता या लेखातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. हेच आम्ल या क्षणी तुमच्या शरीरातही तयार होत असेल. आपल्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात आणि त्याला मारण्यासाठी आतल्या आत हायपोक्लोरस आम्ल बनवतात. ते बनवायला मदत करणारं एक विकर त्यांच्याकडे असतं, आणि त्याचा रंग असतो हिरवा. सर्दी मुरली की शेंबूड हिरवट का होतो, याचं बरंचसं उत्तर इथं आहे. जेवताना हा परिच्छेद मोठ्यानं वाचू नका.

तर, पावडर पडली, जंतू मेले, गोष्ट संपली? छे! क्लोरीनचा स्वभाव असा, की तो जंतू आणि गाळ यांत भेद करत नाही. पंगतीत वाढप्यानं बुंदीचं ताट आणलं आणि पहिल्याच रांगेतल्या खादाडांनी ते संपवलं, तर शेवटच्या पानावर काय पडणार? पाण्यातली माती, शेवाळ, कुजका पाला हे ते पहिल्या रांगेतले खादाड. क्लोरीन आधी त्यांच्यावर खर्च होतो. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ होतं, म्हणून तेव्हा डोस वाढवावा लागतो आणि वासही वाढतो. शिवाय जंतू काही क्षणात मरत नाहीत. पावडर टाकल्यावर निदान अर्धा तास तरी पाणी तसंच ठेवावं लागतं. काका पहाटे उठतात ते उगीच नाही.

सगळ्यांना पुरून थोडा क्लोरीन पाण्यात उरायला हवा. किती? भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम. पावडर मापून टाकली तरी तो खरंच उरला की नाही, हे कसं कळणार? इथं आपल्या लेखाचं पिवळं पाणी येतं. काचेच्या छोट्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिन नावाच्या द्रवाचे काही थेंब टाकायचे आणि पाहायचं. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. जितका क्लोरीन जास्त, तितका पिवळा गडद. फारच असेल तर नारिंगी. हा रंग क्लोरोस्कोपच्या छोट्या डबीतल्या रंगांशी ताडून पाहतात. पाण्याला रंग आलाच नाही तर मात्र धोका! आरोग्य खात्यात हिला 'ओटी चाचणी' म्हणतात, आणि 'ओटी पॉझिटिव्ह' आली की सगळे खूश होतात. पॉझिटिव्ह आल्यावर आनंद होणारी चाचणी तशी विरळाच. (हे ऑर्थोटोलिडिन अंगाला लागणं चांगलं नाही. म्हणून हल्ली अनेक ठिकाणी दुसरं रसायन वापरतात, त्यानं पाणी गुलाबी होतं. दोन्ही प्रयोग आपण लांबून बघायचे.)

पाणी कुठल्या नळाचं घ्यायचं, यातही गंमत आहे. टाकीजवळच्या नळाला पिवळा रंग येणारच, त्यात काय मोठंसं! खरी परीक्षा गावाच्या शेवटच्या नळावर. आपल्याकडे नळाला पाणी चोवीस तास नसतं. पाणी बंद झालं की पाइपातला दाब जातो, आणि पाइप कुठं गटारातून गेला असेल, त्याला बारीकशी चीर असेल, तर बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी नळ सोडला की ते सगळ्यात आधी कुणाच्या तरी हंड्यात! वाटेतल्या अशा घुसखोरांना गाठायला पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक असावा लागतो. शेवटच्या नळाला पिवळं दिसलं, म्हणजे सगळ्या वाटेवर पहारा होता.

हा पहारा नसे तेव्हा काय होई? पटकीची साथ आली की गावंच्या गावं ओस पडत. पटकी म्हणजे कॉलरा. आपल्याकडे गावोगाव मरीआईची देवळं दिसतात, त्यांमागे या साथींची भीती आहे. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञानं 1884 साली कोलकात्यात कॉलऱ्याचा जंतू रोग्यांत तर शोधलाच, पण लोक वापरत होते त्या तलावाच्या पाण्यातही शोधून काढला. शत्रू कळला. पण आख्ख्या शहराच्या पाण्यातून त्याला हटवायचं कसं?

अमेरिकेत जर्सी सिटी नावाचं शहर आहे. तिथल्या नगरपालिकेनं पाणी पुरवणाऱ्या कंपनीला कोर्टात खेचलं होतं. तक्रार ही, की पाणी नेहमी शुद्ध नसतं. कंपनीचे सल्लागार होते डॉक्टर जॉन लील. त्यांनी काय करावं? 26 सप्टेंबर 1908 रोजी त्यांनी शहराच्या रोजच्या सुमारे 15 कोटी लिटर पाण्यात ब्लीचिंग पावडरचं पाणी सोडायला सुरुवात केली. आणि तेही नगरपालिकेला न विचारता! त्या काळी पाण्यात रसायन घालायचं म्हटलं की लोक हादरत. कोर्टात त्यांची कसून उलटतपासणी झाली, पण ही पद्धत सुरक्षित आहे हे शेवटी न्यायालयानं मान्य केलं. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतली शहरं भराभर क्लोरीन वापरू लागली. न विचारता लोकांच्या पाण्यात काही टाकणं मला मुळीच पटत नाही. पण डॉक्टरांचं रसायन बरोबर होतं, हेही खरंच. आज मोठ्या शहरांत जलशुद्धीकरण केंद्रावर बहुधा क्लोरीन वायूच सोडतात. गावात मात्र डॉक्टर लील यांचीच पांढरी पावडर.

ही पावडर गुणी असली तरी तिच्याशी खेळायचं नाही हं! ती संडास धुण्याच्या आम्लात मिसळली तर क्लोरीन वायू बाहेर पडतो. पहिल्या महायुद्धात, एप्रिल 1915 मध्ये बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ हाच वायू सैनिकांवर सोडला होता.

जलसुरक्षकांनी रोज प्रयोग केला, पण त्यांच्यावर लक्ष कोण ठेवणार? तिथं जिल्हा परिषद येते. 1 मे 1962 पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आहेत. जिल्हे 36 आणि जिल्हा परिषदा 34, कारण मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन्ही जिल्हे महापालिकेच्या हद्दीत येतात. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाचे आरोग्यसेवक गावात येऊन पाण्याचे नमुने घेतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. गावातल्या काही महिलांनाही पाणी तपासण्याच्या पेट्या देऊन शिकवलेलं असतं. त्यांच्याकडे एक छोटी बाटली असते, तिच्यात कागदाची पट्टी. बाटलीत पाणी भरून ठेवून द्यायचं. पाण्यात विष्ठेतून आलेले जंतू असतील तर त्यांच्यापासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो, पट्टीतल्या लोहाशी त्याची गाठ पडते आणि एक-दोन दिवसांत पाणी काळं होतं. ना वीज लागते, ना सूक्ष्मदर्शक. ही झकास युक्ती 1982 साली मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. आपल्याच देशातले शास्त्रज्ञ!

वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, आणखी एक पाहणी होते. विहिरीजवळ उकिरडा आहे का, पाइपाला गळती आहे का, व्हॉल्व्ह गटारात बुडालेला आहे का, टीसीएलचा साठा आहे का, टाकी कधी धुतली, असं सगळं तपासून ग्रामपंचायतीला रंगीत कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका मोठा, पिवळं म्हणजे मध्यम, हिरवं म्हणजे कमी. गंमत बघा, नळीतलं पिवळं चांगलं आणि कार्डातलं पिवळं वाईट! सलग पाच वर्षं हिरवं कार्ड टिकवलं आणि पाण्यामुळे साथ आली नाही, तर मिळतं चंदेरी कार्ड.

क्लोरीन सगळं काही करतो असं मात्र समजू नका. चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं, त्यानं दात आणि हाडं खराब होतात. त्याच्यापुढे टीसीएलचं काही चालत नाही, पाणी उकळूनही ते जात नाही. तिथं पाण्याचा दुसरा स्रोत किंवा वेगळी यंत्रं लागतात.

आणि तो वास? पाणी उघड्या भांड्यात काही तास ठेवलं की बराचसा उडून जातो. फिशटँकमध्ये मासे पाळणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. पोहण्याच्या तलावाजवळ येणारा झणझणीत वास मात्र वेगळा. तो नुसत्या क्लोरीनचा नसतो. क्लोरीन आणि पोहणाऱ्यांचा घाम, लघवी यांची गाठ पडून जी संयुगं होतात, त्यांचा असतो. पुढच्या वेळी तलावावर गेलात की लक्षात ठेवा!

आता तुमच्यासाठी एक काम. आपल्या ग्रामपंचायतीत जा आणि दोन गोष्टी विचारा : आपल्या गावाच्या कार्डाचा रंग कोणता, आणि आज शेवटच्या नळाला ओटी काय आली? उत्तर मिळालं तर वहीत तारीख घालून लिहून ठेवा. टाळाटाळ झाली तर 15 ऑगस्टच्या सुमारास होणाऱ्या ग्रामसभेची वाट पाहा. ग्रामसभेचे सभासद गावचे मतदार, म्हणजे 18 वर्षांपुढचेच. तेव्हा प्रश्न तुमचा, आणि हात वर आईचा.