नाताळच्या सुट्टीतला हुरडा : दोस्तांसाठी दोन गुंठे ज्वारी राखा



डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली गावची मंडळी गावाकडे येतात. २५ डिसेंबरची सुट्टी असते, पोरांच्या इंग्रजी शाळाही बंद असतात. नेमकी त्याच सुमाराला वेळेवर पेरलेली रब्बी ज्वारी हुरड्यावर येते. एका बाकावर बसून शिकलेले, आता केस पांढरे झालेले मित्र वर्षातून एकदा आगटीभोवती बसतात. शेण्यांच्या आरावर कणसं भाजायची, तळहातावर चोळायची आणि गरम हुरडा शेंगदाण्याच्या नाहीतर जवसाच्या चटणीसंगं खायचा. जोडीला गूळ, दही, बोरं, हरभऱ्याचा हावळा. सोलापूर, बीड, धाराशिव, अहिल्यानगर या पट्ट्यात हे कुणाला शिकवायला नको.

पण बघा, आगटी पेटवायला ज्वारी तर शिवारात पाहिजे ना? अडचण तिथंच आहे.

ज्वारी का हटली?

ज्वारीची काढणी कष्टाची, मजूर वेळेवर मिळत नाही, भावाची खात्री नाही. पाण्याची सोय झाली की शेतकरी ऊस, कांदा लावतो. कोरडवाहूत हरभरा सोपा वाटतो. यात शेतकऱ्याची चूक नाही, त्याला प्रपंच चालवायचा असतो. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, शहरात भाकरीचा मान वाढला. तरी अनेक गावांत ज्वारीचं रान दरवर्षी आकसतच आहे.

शिवारात सगळ्यांची ज्वारी असते तेव्हा पाखरं वाटली जातात. एकट्याचीच ज्वारी राहिली की साऱ्या शिवाराची पाखरं त्याच्याच रानात उतरतात. मग तोही पुढच्या वर्षी ज्वारी सोडतो. गावातली शेवटची ज्वारी भावापेक्षा पाखरांमुळे जाते, हे ध्यानात घ्या.

एका गावातली गोष्ट

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावात दहावीला एकत्र असलेल्या दहा-अकरा मित्रांचा वर्षानुवर्षांचा नेम आहे. त्यांच्यातला एक ख्रिस्ती आहे. त्या भागात पिढ्यान् पिढ्या शेती करणारी ख्रिस्ती घरं बरीच आहेत. २५ डिसेंबरला सकाळी देवळातली उपासना झाली की दुपारचं जेवण त्याच्या घरी आणि तिसऱ्या प्रहरी हुरडा दुसऱ्या मित्राच्या रानात. एकाच दिवशी दोन घरची दोन आवतणं.

दोन वर्षांमागं रानमालकानं आगटीपाशीच सांगितलं, "गड्यांनो, औंदाचा हुरडा शेवटचा. पुढच्या साली ऊस लावतोय." कुणी हसण्यावारी नेलं, कुणी रागावलं. तेव्हा चटणीची परात खाली ठेवत त्याची मंडळी म्हणाली, "भावजी, हुरडा तुम्ही एक दिस खाता, पाखरं आम्ही महिनाभर हाकतो." कुणाला उत्तर सुचलं नाही. शेण्या थापायच्या, ताक करायचं, वाटण वाटायचं, पहाटे गोफण घेऊन माळ्यावर उभं राहायचं, हे सगळं त्याच घरानं करायचं. आणि जाताना पाहुणे पिशव्या भरून न्यायचे ते वेगळंच.

पुढे मित्रांनी मार्ग काढला. राखणदाराची तीन आठवड्यांची मजुरी वर्गणीतून द्यायची. घरी न्यायचा हुरडा वजन करून बाजारभावानं घ्यायचा. रानमालकाच्या बांधाला लागून असलेल्या दोघांनीही थोडी थोडी ज्वारी पेरायची. आज तिथं ऊस आहे आणि ज्वारीही आहे. ती किती वर्षं टिकेल हे त्या घराच्या हिशेबावर ठरेल, पण निदान हिशेब तरी सगळ्यांनी मिळून मांडला.

किती रान लागतं?

दोन ओळींत ४५ सेंमी आणि दोन रोपांत १५ सेंमी अंतर धरलं तर एका गुंठ्यात सुमारे १,५०० ताटं बसतात. कोरडवाहूत निम्मीच चांगली कणसं धरा, म्हणजे ७५०. एक माणूस पोटभर खायला बसला तर चार-पाच कणसं पुरतात. वीस माणसांना १०० कणसं. कच्ची, करपलेली धरून १५० समजा. पाखरांचा वाटा आणि मागंपुढं पिकणं ध्यानात घेतलं तरी दोन गुंठे भरपूर झाले. एकरात ४० गुंठे, म्हणजे विसावा हिस्सा. एकरी ४ किलो बियाण्याच्या हिशेबानं दोन गुंठ्यांना २०० ग्रॅम बियाणं लागतं. तेव्हा ऊस लावणाऱ्यालाही हे जड नाही.

पेरणी कधी, वाण कोणते?

हुरड्यासाठी गूळभेंडी, सुरती, कुचकुची हे गावरान प्रकार नावाजलेले आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फुले उत्तरा आणि फुले मधुर हे वाण खास हुरड्यासाठीच आहेत. त्यांचा दाणा गोड असतो आणि कणसातून सहज सुटतो. मोहोळची मालदांडी ३५-१ भाकरीला आणि कडब्याला उत्तम. तिचाही हुरडा होतो, मात्र दाणा सुटायला चोळावं जास्त लागतं.

पेरणीपासून हुरड्यापर्यंत साधारण ९५ दिवस धरा. २५ डिसेंबरपासून ९५ दिवस मागं मोजले तर २१ सप्टेंबर येतो. थंडी जास्त पडली तर चार-आठ दिवस पुढं जातात. म्हणून एक गुंठा १५ सप्टेंबरच्या सुमारास आणि दुसरा आठ-दहा दिवसांनी, वाफसा बघून पेरा. म्हणजे एक चुकला तरी दुसरा सापडतो. काणी रोगासाठी किलोला ४ ग्रॅम गंधक चोळून पेरणी करा. पाणी असेल तर पोटरीत आणि फुलोऱ्यात एकेक पाळी द्या.

दाणा नखानं दाबून बघा. पातळ दूध उडालं तर अजून कच्चा आहे. घट्ट चीक निघाला आणि दाणा हिरवा असला की हुरडा तयार. दातांनी फोडावा लागला तर वेळ गेली.

दोन सावधगिऱ्या

पहिली माणसांसाठी. हुरडा धुतला जात नाही, कणीस थेट आरावर जातं. म्हणून हुरड्याच्या तुकड्यावर कणसं बाहेर पडल्यावर कीटकनाशक मारू नका. शेजारच्या रानात फवारणी असेल तर वाऱ्याची दिशा बघायला सांगा.

दुसरी जनावरांसाठी. कणसं काढल्यावर ताटं कापून वैरणीला वापरता येतात. पण बुडख्याला ओल असली की कोवळे फुटवे येतात. त्यात विषारी अंश जास्त असतो आणि ते खाऊन जनावराला किराळ लागते. जनावर फुगतं, तोल जातो, वेळेवर इलाज न झाल्यास दगावतं. तेव्हा हुरड्याच्या रानात फुटव्यावर गुरं सोडू नका. शंका आली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

गावकारभाऱ्यांना विनंती

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांनी मनावर घेतलं तर काम सोपं होईल. ऑगस्टच्या ग्रामसभेत ज्वारी पेरणारे किती हे विचारा आणि लागून असलेल्या रानांत एकाच सुमाराला पेरणी ठरवा. राखण सामाईक होते, पाखरांचा भार वाटला जातो. ई-पीक पाहणीत ज्वारीची नोंद राहणार नाही असं होऊ देऊ नका, क्षेत्र कितीही लहान असो.

आणि शहरातल्या मंडळींनो, यंदा गावी येताना मित्राला "हुरडा आहे का?" एवढंच विचारू नका. "राखण कोण करतंय, मजुरी किती झाली?" हेही विचारा. एक दिवस लवकर या, गोफण हातात घ्या, शेण्या वाहून आणा. मग आगटीपाशी घरच्या बायकांनाही बसता येईल, आणि पहिलं भाजलेलं कणीस त्यांच्या हातात द्या.