तिसऱ्यांदा उतरलेली डीपी

नसरापूरहून मार्गासनीमार्गे वेल्ह्याकडे निघालो होतो. तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीपाशी करपलेल्या तेलाचा वास आला, म्हणून थांबलो. वाडीची डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, जळाली होती. भातलावणीचे दिवस, दोन रात्री वाडी अंधारात, पिठाची गिरणी बंद. शेजारच्या भोर तालुक्यात भाटघर धरणाच्या पायथ्याशी वीज तयार होते. पण वाडीतला दिवा पेटतो तो या एका डीपीच्या भरवशावर.

लाईन बंद झाली, अर्थिंग केलं, जम्पर सोडले, चेनकप्पीने ट्रान्सफॉर्मर खाली आला. वायरमननी फडक्याने त्याच्या तेलाच्या टाकीचा कोपरा पुसला. तिथे वेल्डिंगचा ओबडधोबड व्रण होता.

“ही टाकी मी ओळखतो, साहेब. तीन वेळा उतरवलीय.”

टाकीवरची पाटी मात्र नवीकोरी. नंबरच वेगळा, म्हणजे कागदोपत्री ही डीपी पहिल्यांदाच जळाली होती.

तीन वेळा. मावळातला पाऊस तेलाच्या मुळावर येतो. टाकी ज्यातून श्वास घेते त्या ब्रीदरमधलं निळं सिलिका जेल ओल शोषून गुलाबी पडलं, की दमट हवा थेट तेलापर्यंत पोचते. म्हणून दोन इलेक्ट्रोडमध्ये २.५ मिलिमीटर अंतर ठेवून तेल किती किलोव्होल्ट सोसतं, ते तपासतात. या टाकीच्या तेलाची अशी तपासणी कधी झाली, हे सांगणारा कागद खांबापाशी कुणाकडेच नव्हता.

ब्लॉकचेनचं, म्हणजे सामायिक डिजिटल वहीचं, खरं काम इथे आहे. कारखाना, भांडार, ठेकेदार, दुरुस्तीची कार्यशाळा, खांब. प्रत्येक टप्प्याची नोंद आधीच्या नोंदीचा ठसा पोटात घेते, आणि वहीची प्रत सगळ्यांकडे राहते. मागचा एक आकडा बदलला, तरी पुढचे ठसे जुळत नाहीत. गडचिरोलीतल्या एटापल्लीत २०२२ मध्ये जातीच्या दाखल्यांसाठी हे तंत्र वापरलं गेलं. दाखल्यात मजकूर जपला की काम भागतं. इथे मजकूर एकीकडे आणि लोखंड दुसरीकडे. पाटी बदलली, तर ब्लॉकचेन चुकीचा नंबरही तितक्याच निष्ठेने सांभाळेल. म्हणून नंबर टाकीच्या पत्र्यातच कोरलेला हवा, आणि खांबावरची नोंद टाकी ओळखणाऱ्या माणसाच्या हातून व्हायला हवी.

टेम्पो निघण्याआधी वायरमननी मोबाईल काढला. पाटी सोडून त्यांनी वेल्डिंगच्या व्रणाचा फोटो घेतला.

“चौथ्यांदा आली, तर दाखवायला.”