कृष्णेंतील रामलिंग बेट

बेट म्हटलें कीं डोळ्यांपुढें समुद्र उभा राहतो. आणि डोंगरांच्या कुशींत वाढलेल्या शिराळ्याच्या मुलांस समुद्र म्हणजे नकाशावरील निळा रंग. यामुळें बेट पाहावयाचें तर मुंबईस किंवा गोव्यास गेलें पाहिजे, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक चोहोंकडून पाण्यानें वेढलेली भूमि तें बेट. मग तें पाणी खारें असो वा गोडें. असें एक बेट आपल्या शेजारच्या वाळवें तालुक्यांत, बहे या गांवीं, कृष्णामाईच्या पात्रांत आहे. सकाळीं एस. टी.नें निघून दिवेलागणीच्या आंत घरीं परततां येईल इतकें तें जवळ आहे, आणि बहुधा म्हणूनच तें पाहण्याचें राहून जातें. आमच्या बाल वाचकांस व त्यांच्या वडील मंडळींस त्याची थोडी ओळख करून द्यावी, असें आम्हीं योजिलें आहे.

शिराळ्याहून पेठ, पेठेहून इस्लामपूर (यास आतां ईश्वरपूर असें नवें नांव मिळालें आहे) आणि तेथून बहे, असा मार्ग आहे. एकंदर अंतर पस्तीस किलोमीटरांच्या आसपास. या प्रवासांत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे, पण गाडींत डुलक्या घेणारास ती कळत नाहीं. शिराळ्याचें पाणी मोरणेंत जातें, मोरणा वारणेस मिळते, आणि वारणा सांगलीजवळ हरिपूर येथें कृष्णेंत शिरते. बहे हें गांव त्या संगमाच्या पुष्कळ वर आहे. म्हणजे आपल्या अंगणांत पडलेल्या पावसाचा एक थेंबहि या बेटावरून वाहत जात नाहीं! तेथें दिसतें तें पाणी महाबळेश्वराच्या माथ्यावरचें, साताऱ्याकडील वेण्णा-उरमोडीचें, आणि कऱ्हाडास कृष्णेस समोरासमोर येऊन भेटणाऱ्या कोयनेचें. एका तासाभराच्या प्रवासांत आपण एक खोरें सोडून दुसऱ्या खोऱ्यांत उतरतों. भूगोलाच्या पुस्तकांतील ‘जलविभाजक’ हा अवघड शब्द ज्यास पाठ होत नसेल, त्यानें हा रस्ता एकदां डोळे उघडे ठेवून पाहावा.

नदींत बेटें साधारणतः दोन प्रकारांनीं होतात. एक गाळाचीं. नदीचा वेग मंदावला म्हणजे तिच्या अंगावरचें वाळूमातीचें ओझें खालीं बसतें, त्यावर गवत उगवतें, मग झाडें, मग माणसें. आसामांत ब्रह्मपुत्रेंतील माजुली हें असें प्रचंड बेट आहे. जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून फेरी-बोटींत बसून तेथें जावें लागतें, आणि पुढें बेटावर मोटारगाड्याहि धांवतात. परंतु जी नदी गाळ देते तीच तो परत मागते; माजुलीचा कांठ ब्रह्मपुत्रेनें वर्षानुवर्षें खाल्ला असून अनेक कुटुंबांस घरें सोडावीं लागलीं आहेत. दुसऱ्या प्रकारचीं बेटें खडकाचीं. आपला सारा मुलूख सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं थिजलेल्या लाव्हारसाच्या थरांचा बनलेला आहे. हे थर सर्वत्र सारखे कठीण नाहींत. मऊ भाग नदी झिजविते. कठीण कातळ मात्र तसाच उभा राहतो, आणि नदीस दुभंगून त्याच्या दोन्ही अंगांनीं वाट काढावी लागते. बहेचें बेट या जातीचें. म्हणून तें लहान असलें तरी जागचें हललेलें नाहीं.

हीच गोष्ट लोककथेनें आपल्या परीनें सांगितली आहे. श्रीराम येथें शिवलिंगाची पूजा करीत असतां कृष्णेस लोंढा आला. तेव्हां मारुतीनें दोन्ही बाहू पसरून पाणी अडविलें, आणि नदी दोन प्रवाहांत विभागून निघून गेली. बाहूंवरून ‘बहे’ व रामानें पूजिलेल्या लिंगावरून ‘रामलिंग’ अशी नांवांची उपपत्ति लोक सांगतात. शब्दशास्त्रज्ञ ती मान्य करतील कीं नाहीं हा प्रश्न वेगळा. परंतु ज्या कोणीं ही कथा प्रथम सांगितली, त्यास नदी येथें कां फुटते हा प्रश्न पडला होता, एवढें खास. आणि प्रश्न पडणें हेंच आमच्या मतें अर्धें ज्ञान होय.

बेटावर रामाचें मंदिर असून त्याच्या पाठीमागें समर्थ रामदासांनीं स्थापिलेला मारुती आहे. पाणी थोपविण्यासाठीं हात पसरल्याप्रमाणें त्याची ठेवण आहे. समर्थांच्या प्रसिद्ध अकरा मारुतींपैकीं हा एक. स्थापना शके १५७३, म्हणजे इ. स. १६५१ च्या सुमारास. ही मूर्ति नदीच्या डोहांत सांपडली अशीहि आख्यायिका आहे. आणि येथें शिराळकरांनीं कान टवकारावे! या अकरांतील अखेरचा मारुती आपल्याच गांवचा आहे. त्याची स्थापना शके १५७६ मधील. शहापूर, मसूर, चाफळ, शिंगणवाडी, उंब्रज, माजगांव, बहे, मनपाडळें, पारगांव आणि शिराळा, अशीं हीं स्थळें असून चाफळास दोन मारुती आहेत. अवघ्या दहा वर्षांत, कृष्णा-वारणेच्या खोऱ्यांत, जवळजवळच्या गांवीं बलोपासनेचीं हीं ठाणीं उभीं राहिलीं. कोणी कोणत्याहि धर्माचा असो, नकाशावर हे अकरा ठिपके मांडून पाहिले तर त्या योजनेचें कौतुक वाटल्यावांचून राहणार नाहीं.

अलीकडच्या इतिहासांतहि हा परिसर मागें नाहीं. १९४२ नंतरच्या प्रतिसरकाराचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील यांचा जन्म १९०० सालीं याच भागांतला.

आतां जाण्यायेण्याविषयीं. पूल व बंधारे होण्यापूर्वीं कृष्णा उतरावयाची म्हणजे नावेवांचून गत्यंतर नसे. आणि नाव नसेल तर गूळ करण्याच्या लोखंडी काहिलींत बसून लोक पलीकडे जात. पाणी ओसरलें असतां आज बेटावर पायीं जातां येतें. पाणी चढलें कीं त्याचा कांठाशीं संबंध तुटतो. यांत फसगत होते ती अशी कीं, पाणी चढण्यास बहे येथें पाऊस पडावाच लागतो असें नाहीं. कोयनेच्या धरणांत सुमारें १०५ अब्ज घनफूट पाणी मावतें. तें भरत आलें म्हणजे दरवाजे उघडावे लागतात. तें पाणी कऱ्हाडावरून बहे, ताकारी, भिलवडी असें करीत सांगलीस पोहोंचतें. माथ्यावर स्वच्छ ऊन असतां पायांखालीं नदी वाढूं शकते. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची मर्यादा असतां पाणी ५७ फुटांवर गेलें. त्याच पुरांत पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें सुटकेसाठीं निघालेली, माणसांनीं खच्चून भरलेली नाव उलटली, आणि बाराहून अधिक जीव गेले. नाव कोणतीहि असो, ती किती माणसांची आहे हें आधीं विचारावें, आणि जागा नसेल तर कांठावर थांबावें. पालकांनीं हें मुलांस जरूर सांगावें.

सहलीस मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतचे दिवस उत्तम. भाकरी व पिण्याचें पाणी बरोबर न्यावें. कातळ शेवाळानें निसरडे असतात, व डोहाची खोली वरून कळत नाहीं. यास्तव पोहणारांनींहि तेथें उतरूं नये. दुपारीं झाडाखालीं बसलें असतां दोहों बाजूंनीं पाण्याचा एकसारखा आवाज येतो आणि बोलणें आपोआप हलकें होतें. पावसाळ्यांत बहे पुलाजवळची पाण्याची पातळी वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध होते. त्या दिवसांत कोणास जावयाचेंच असेल, तर त्यानें ती आधीं वाचावी आणि मग गाडीचें तिकीट काढावें.