दोन सिम म्हणजे दुप्पट वेग नव्हे

एका फोनमध्ये दोन कंपन्यांची सिम घातली की इंटरनेटचा वेग दुप्पट होतो, हा समज साताऱ्याच्या राजवाडा परिसरापासून सांगलीच्या मारुती रोडपर्यंत सर्रास ऐकू येतो. एका सिमला २० एमबीपीएस, दुसऱ्याला ५, मिळून २५, अशी सरळ बेरीज त्यामागे असते. ती चुकीची आहे, आणि कितीही वेळा सांगितली तरी बरोबर ठरत नाही.

बहुतेक दोन सिमच्या फोनमध्ये डेटा एका वेळी एकाच सिमवरून चालतो. म्हणून तर सेटिंगमध्ये डेटासाठी एक सिम निवडावे लागते. दुसरे सिम फोन किंवा मेसेज येण्याची वाट पाहत असते, एवढेच. त्याचा वेग पहिल्याला मिळत नाही.

समजा, खास यंत्रणा बसवून दोन्ही जोडण्या खरोखर एकाच वेळी चालवल्या, तर? १०० मेगाबिटची फाइल घ्या. ५० मेगाबिट एका वाटेने, ५० दुसरीने पाठवले. २० एमबीपीएसची वाट आपला वाटा अडीच सेकंदांत संपवते. ५ एमबीपीएसच्या वाटेला १० सेकंद लागतात. फाइल पूर्ण व्हायला १० सेकंद. वेगवान वाटेने एकटीने ती ५ सेकंदांत आणली असती. म्हणजे जोडणी वाढली आणि वेग निम्मा झाला. फडातला ऊस ट्रॅक्टर आणि बैलगाडी यांत निम्मा निम्मा भरला, तर शेवटची मोळी कारखान्याच्या काट्यावर बैलगाडीच्याच वेळेला पोचणार, तसेच हे. ८० आणि २० अशी वाटणी केली तर मात्र ४ सेकंदांत काम होते. बेरीज खरी ठरते ती फक्त इथे. पण सिग्नल क्षणाक्षणाला बदलतो, म्हणून वाटणीही सतत बदलावी लागते. सगळे कौशल्य या वाटणीत आहे. सिमच्या संख्येत नाही.

दुसरी अडचण क्रमाची. डेटा पॅकेट नावाच्या छोट्या तुकड्यांत जातो. पुढचे पॅकेट वेगवान वाटेने आधी पोचते, मागचे मंद वाटेवर अडकते. डेटा वाहणारा टीसीपी हा नियमसंच सलग क्रमाची अपेक्षा ठेवतो. पॅकेटे उलटसुलट आली की एखादे हरवले असे तो धरून चालतो आणि पाठवण्याचा वेग स्वतःच कमी करतो.

मग बेरीज कुठे होते? जिथे दोन्ही वाटांवर एकाच नियंत्रकाची नजर असते तिथे. ‘कॅरिअर अ‍ॅग्रिगेशन’ हे त्याचे उदाहरण. थ्रीजीपीपी या संस्थेच्या ‘रिलीज १०’ मानकात (२०११) ते ४जीसाठी आले. २० मेगाहर्ट्‌झपर्यंतचे पाच पट्टे, म्हणजे एकूण १०० मेगाहर्ट्‌झ, एका फोनसाठी जोडता येतात. फोन आपल्याला मिळणाऱ्या सिग्नलचा दर्जा टॉवरला कळवत राहतो आणि कोणत्या पट्ट्यावरून किती डेटा द्यायचा हे टॉवर दर मिलिसेकंदाला ठरवतो. हे सगळे एकाच कंपनीच्या जाळ्यात, एकाच सिमवर घडते. दोन कंपन्यांमध्ये असा सामाईक नियंत्रक नसतो.

भिन्न जाळी जोडण्यासाठी ‘मल्टिपाथ टीसीपी’ आहे. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने ते २०१३ मध्ये आरएफसी ६८२४ आणि सुधारून २०२० मध्ये आरएफसी ८६८४ म्हणून प्रसिद्ध केले. त्यात प्रत्येक वाटेला वेगळे क्रमांक आणि मूळ डेटाला आणखी एक सामाईक क्रमांक असतो. अ‍ॅपलने २०१३ पासून ते सिरी या आवाजी मदतनिसासाठी वापरले. तिथला मोठा लाभ वेगाचा नव्हता: वाय-फाय क्षीण झाले तरी संवाद मोबाईल डेटावर चालू राहावा, हा होता.

अनेक जोडण्यांचा खरा उपयोग हाच: निरोप तुटू नये. आणि पुष्कळ कामांना वेग लागतच नाही. सांगली-कोल्हापूरच्या सीमेवरच्या वारणा खोऱ्यात १९९८ मध्ये सुमारे ७० गावांसाठी संगणक प्रकल्प सुरू झाला. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी त्यातल्या सात गावांत संगणकांऐवजी मोबाईल आणि एसएमएस वापरून आठ महिने चाचणी घेतली. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. प्रकल्पातले ऊसउत्पादकांच्या नोंदींचे काम तेवढ्यावर झाले.

दोन सिमचा आधारही वाटा खरोखर वेगळ्या असतील तरच. अनेक कंपन्या एकाच मनोऱ्यावर असतात. कोयना खोऱ्यासारख्या भागात अशा मनोऱ्याची वीज गेली आणि बॅटरी संपली की दोन्ही सिम एकदमच मुकी होतात.

आता काही छोटे गैरसमज.

‘दांड्या पूर्ण म्हणजे वेग पूर्ण.’ नाही. दांड्या सिग्नलची ताकद दाखवतात, गर्दी नाही. ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद किंवा फलटणला मुक्कामी असताना पूर्ण दांड्यांवरही फोटो अडकू शकतो.

‘दोन बँडचा राउटर दोन्ही बँड एकदम देतो.’ साध्या राउटरवर फोन एका वेळी २.४ किंवा ५ गिगाहर्ट्‌झवरच असतो. दोन्हींचा समन्वय वाय-फाय ७ मध्ये आला आणि तो वापरायला फोनही त्याच मानकाचा लागतो. त्यातही अनेक उपकरणे दोन्हीकडे कान ठेवून एका वेळी एकाच पट्ट्यावर देवाणघेवाण करतात.

‘जास्त फ्रिक्वेन्सी म्हणजे जास्त पल्ला.’ उलटे आहे. ७०० मेगाहर्ट्‌झची लहर सुमारे ४३ सेंटिमीटरची. ती ३,५०० मेगाहर्ट्‌झच्या साडेआठ सेंटिमीटरच्या लहरीपेक्षा लांब जाते आणि टेकडीच्या आडोशाला जास्त वळते.

‘पाऊस मोबाईलच्या लहरी पिऊन टाकतो.’ फोन आणि टॉवर यांच्यातल्या लहरींवर पावसाचा परिणाम नगण्य असतो. महाबळेश्वरच्या मुसळधार पावसात फटका बसतो तो टॉवरांना एकमेकांशी जोडणाऱ्या १५-१८ गिगाहर्ट्‌झच्या मायक्रोवेव्ह दुव्यांना, आणि विजेला.