गॅरेज की घरचा पाना? दुचाकीबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

धाराशिव जिल्ह्यात दुचाकी ही फार थोड्यांसाठी हौसेची वस्तू आहे. भूम-परंड्याकडे ती दुधाचे कॅन वाहते, उमरगा-लोहाऱ्याकडे बाजाराचं ओझं. कळंबच्या पोराला ती कॉलेजला नेते आणि नळदुर्गच्या माणसाला सोलापूरच्या दवाखान्यात पोचवते. एमएच २५ ची पाटी लावलेली साधी शंभर-सव्वाशे सीसीची गाडी बंद पडली, की घरातली दोन-तीन कामं त्या दिवशी अडतात. म्हणून ती कुणाच्या हाती द्यायची, तिच्यात काय बदल करायचे आणि काय स्वतः करायचं, हे प्रश्न थेट घरखर्चाचे आणि जिवाचे आहेत. या प्रश्नांवर दोन ठाम मतं ऐकू येतात. एक म्हणतं, शोरूमशिवाय कुणावर भरवसा ठेवू नका. दुसरं म्हणतं, सगळे लुटतात, आपलं काम आपणच करावं. माझ्या मते दोन्ही मतं एकाच जागी चुकतात. दोन्हींत काम कुणी केलं एवढंच पाहिलं जातं. पाहायला हवं ते वेगळंच: केलेलं काम आपल्याला तपासता येतं का, आणि ते चुकलं तर काय बेतेल? दुरुस्ती असो वा फेरफार, या दोन प्रश्नांवर घासून पाहिली की बहुतेक गैरसमज आपोआप गळून पडतात.

गैरसमज : शोरूमचं काम खात्रीचं, गावातलं गॅरेज बेभरवशाचं

शोरूमकडे काही गोष्टी नक्की असतात: कंपनीचं मॅन्युअल, मूळ पार्ट, कामाची नोंद आणि स्कॅनर. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. आता पेट्रोल किती सोडायचं हे सेन्सरच्या आकड्यांवरून गाडीतला छोटा संगणक ठरवतो. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा पेटला तर नुसत्या कानाने आवाज ओळखणाऱ्या मिस्त्रीचा अनुभव तिथे पुरत नाही, स्कॅनर लागतोच. पण ब्रेक शू, क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, केबल, बेअरिंग या कामांना स्कॅनर लागत नाही. तिथे लागतो योग्य पाना, योग्य पार्ट आणि घाई न करणारा हात. हे तिन्ही तालुक्याच्या गॅरेजमध्ये असू शकतं आणि मोठ्या पाटीखाली नसूही शकतं. टॅपेटचं उदाहरण घ्या. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते, म्हणून तिथे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास फट मुद्दाम ठेवलेली असते. ही फट थंड इंजिनावर फिलर गेजची पातळ पट्टी सरकवून मोजायची असते. गिऱ्हाइकाला टकटक आवडत नाही म्हणून कुणी ती अंदाजाने आवळून आवाज बंद केला, तर गाडी त्या दिवशी गोड चालते. पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि काही महिन्यांत व्हॉल्व्ह जळतो. गेज काढणारा मिस्त्री झाडाखाली बसलेला असला तरी चांगला. गेज न काढणारा काचेच्या दालनात असला तरी त्याचं काम अंदाजाचंच.

यावर आक्षेप येतो की गावात गॅरेज एकच, मिस्त्री ओळखीचा, त्याच्याकडे पावती आणि जुने पार्ट मागितले तर त्याला अपमान वाटेल. पण एकच गॅरेज असेल तर ते नातं टिकवण्यासाठीच कागद लागतो. जुना पार्ट परत मागणं ही गाडीवाल्याची साधी सवय असावी. घासलेला ब्रेक शू हातात आला की तो खरंच बदलायला झाला होता का, हे कुणालाही दिसतं. पावतीवर पार्टचं नाव, किंमत आणि मजुरी वेगळी लिहिलेली असली की नंतर वाद उरत नाही, आणि प्रामाणिक मिस्त्रीवर उगाच आळही येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विकलेल्या मालाची किंवा दिलेल्या सेवेची पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सेवेत कसूर झाली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. आयोगापर्यंत जायची वेळ क्वचितच येते, पण हातात पावती असलेला माणूस गॅरेजमध्येही वेगळ्या बळाने बोलतो.

गैरसमज : बाहेर एक नट जरी खोलला तरी वॉरंटी संपली

हे अर्धसत्य आहे. ठरलेल्या सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रात ठरलेल्या मुदतीत करून घ्याव्यात, ही अट बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटी पुस्तिकेत असते आणि ती पाळलेली बरी. पण हवा भरली, चेनला ऑइल दिलं, प्लग साफ केला म्हणून इंजिनाची वॉरंटी जात नाही. याबाबत देशात एक महत्त्वाचा निर्णय झाला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे पार्ट आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजपर्यंत पोचू न देणं हा त्यांच्यावरचा ठपका होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारा, असंही आयोगाने बजावलं. हा आदेश चारचाकी कंपन्यांविरुद्ध होता आणि त्यावर पुढे अपिलंही झाली. दुचाकीमालकाला तो काउंटरवर आपटता येणार नाही. तरी धोरणाची दिशा त्यातून कळते. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यातही वाहन क्षेत्राचा समावेश आहे. सांगायचं एवढंच की भीती ऐकीव गप्पांवर बेतू नका. वॉरंटीची पुस्तिका उघडा आणि ‘काय समाविष्ट नाही’ हे पान वाचा. वायरिंग कापणं आणि सायलेन्सर बदलणं हे तिथे बहुधा नावानिशी सापडेल.

गैरसमज : व्हिडिओ पाहून सगळं घरीच होतं

बरंच होतं, सगळं नाही. ऑइल बदलणं हे घरी करता येणारं चांगलं काम आहे, पण त्यातही एक जागा नेमकी दगा देते. इंजिनाचं खालचं कवच ॲल्युमिनियमचं असतं आणि ड्रेन बोल्ट पोलादाचा. ‘गळायला नको’ म्हणून लांब पान्याने तो जोर लावून आवळला की मऊ धातूतले आटे जातात. मग शे-दोनशे रुपये मजुरी वाचवायला निघालेला माणूस नवे आटे पाडून घ्यायला, नाहीतर कवच बदलायला गॅरेजच्या दारात उभा राहतो. बोल्ट आधी हाताने फिरवून सरळ बसवावा, वॉशर नवा घालावा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापानेच आवळावा, तेवढ्याचसाठी टॉर्क पाना असतो. ऑइलचा ग्रेडही पुस्तिकेतलाच हवा, आणि डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ असं लिहिलेलं असावं. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारचं ऑइल कितीही महागाचं असलं तरी त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या घटकांनी क्लच घसरू शकतो.

घर आणि गॅरेज यांची हद्द आखायला दुसरा प्रश्न उपयोगी पडतो: चूक झाली तर गाडी रस्त्यात बंद पडेल, की अंगावर बेतेल? एअर फिल्टर, प्लग, बॅटरीचं टर्मिनल, चेनचा ताण, क्लच केबल यांत चूक झाली तर फार तर गाडी ढकलत आणावी लागते. ही कामं प्रत्येकाने शिकावीत, मुलींनीही शिकावीत. डिस्क ब्रेकचं तसं नाही. त्याच्या नळीत हवा राहिली तर लिव्हर ऐनवेळी मऊ पडतो. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं आणि जुनं झालं की कमी तापमानालाच उकळतं. तुळजापूरचा घाट सोलापूरच्या बाजूला उतरताना, मागे माणूस बसलेला असताना, हा धोका कागदावरचा राहत नाही. फ्लुइड बदलणं, एबीएसचं काम, हँडलची बेअरिंग, चाकाची आउट काढणं ही कामं जाणत्या हाताकडेच असावीत. व्हिडिओ कृती दाखवतो, पण आपली कृती बरोबर झाली की नाही हे तपासून देत नाही.

गैरसमज : सायलेन्सर मोकळा केला की पिकअप वाढतो

वाढतो तो आवाज, आणि आवाज वाढला की वेगही वाढल्यासारखा वाटतो. शंभर सीसीची साधी गाडी आठ अश्वशक्तीच्या घरात असते. तिचं इनटेक, पेट्रोलचं प्रमाण आणि एक्झॉस्ट एकमेकांशी जुळवलेलं असतं. त्यातला एकच दुवा बदलला की जुळणी बिघडते, आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण संगणकाला हद्दीबाहेर सावरता येत नाही. मोकळ्या एअर फिल्टरचंही तसंच. कच्च्या रस्त्यांच्या या जिल्ह्यात उन्हाळ्यात फुफाटा उडतो. फिल्टरमधून बारीक धूळ आत गेली की बोअर-पिस्टन घासतात आणि वर्षभरात निळा धूर दिसू लागतो. ‘मला तर फरक जाणवतो’ असं कुणी म्हणेल. त्याला साधी कसोटी आहे. टाकी तोंडापर्यंत भरा, नेहमीच्याच रस्त्यावर दोनशे किलोमीटर चालवा, पुन्हा तोंडापर्यंत भरा आणि ॲव्हरेज काढा. हेच बदलाच्या आधी आणि नंतर करा. जो बदल आकड्यात दिसत नाही, त्यासाठी खिशातून पैसे का जावेत?

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या आणि निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे अशा फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ध्वनी आणि धुराचे निकष मोडले तर कलम १९० प्रमाणे दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो. ८० ते १७५ सीसीच्या मोटरसायकलीला कारखान्यातून बाहेर पडताना ७७ डेसिबलची मर्यादा असते. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत. हौस म्हणून याकडे काणाडोळा करावा असं काहींना वाटतं. पण शाळा-दवाखान्यापाशी आणि झोपलेल्या गल्लीत त्या हौसेची किंमत दुसरेच मोजतात.

गैरसमज : पांढरा एलईडी आणि जाड टायर म्हणजे सुरक्षितता

रात्री नीट दिसावं ही गरज खरी आहे. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या मागे दिवा नसताना रस्त्यावर असतात आणि अश्विनी पौर्णिमेला सोलापूरकडून तुळजापूरला चालत येणाऱ्या भाविकांची रीघ लागते. पण हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब कोंबला की त्याचा प्रकाशबिंदू रिफ्लेक्टरच्या नेमक्या जागी पडत नाही. जवळचं लख्ख दिसतं, लांबचं कमी दिसतं आणि समोरच्याचे डोळे दिपतात. चालणारा भाविक दिसावा म्हणून लावलेला दिवा समोरून येणाऱ्याला तोच भाविक दिसू देत नाही. त्यात रिले आणि फ्यूज न घालता वायरिंग कापलेलं असेल तर शॉर्टसर्किटची टांगती तलवार वेगळीच. आधी काच साफ करा, योग्य वॅटचा नवा बल्ब घाला, भिंतीसमोर गाडीवर माणूस बसवून प्रकाशझोताची उंची नीट लावा. टायरचंही असंच. मूळ रिमवर जास्त रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, आकार बिघडतो, वजन वाढतं आणि ॲव्हरेज घटतं. साडीगार्ड तर ‘लूक’ खराब होतो म्हणून काढून टाकला जातो. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं निम्मं चाक झाकणारं संरक्षण असलंच पाहिजे, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ सांगतो. ज्या जिल्ह्यात आई, आजी, बायको साडी नेसून मागे बसतात, तिथे हा नियम शोभेचा नाही.

खरी सुधारणा कशाला म्हणावं

ज्या बदलांनी गाडी खरोखर सुधारते त्यांतले बरेचसे स्वस्त आहेत, काही फुकट आहेत. मूळ मापाचा, चांगल्या रबराचा ताजा टायर घ्या. त्याच्या भिंतीवरच्या चार आकड्यांत जन्मतारीख असते: ‘३२२४’ म्हणजे २०२४ चा ३२ वा आठवडा. हवा थंड टायरमध्ये भरा. मागे माणूस किंवा कॅन असताना किती भरायची, तो वेगळा आकडा पुस्तिकेत असतो. अनेक गाड्यांच्या मागच्या शॉकअपला ताण कमी-जास्त करायच्या पायऱ्या असतात. ओझं वाहणाऱ्याने त्या वापरल्या तर गाडी बसत नाही आणि हेडलाइट आभाळाकडे जात नाही. चेनला जळकं ऑइल ओतण्याऐवजी ती पुसून चेन ल्यूब द्या. पार्ट सोलापूर-लातूरच्या बाजारातून आणायचा असेल तर सीलबंद पाकीट, छापील किंमत आणि पावती घेऊनच आणा. उरलेले पैसे आयएसआय चिन्हाच्या हेल्मेटवर घाला, मागे बसणाऱ्याच्याही.

शेवटचा आक्षेप असा की गाडीवाला एवढं शिकला तर मिस्त्रीचं पोट कसं भरेल? उलट होईल. ज्याला चेनचा ताण कळतो, त्यालाच गेज काढून टॅपेट लावणाऱ्याची किंमत कळते आणि तो त्या मजुरीत घासाघीस करत नाही. आज स्वस्तात घाईने काम करणारा आणि वेळ घेऊन नीट करणारा, दोघेही गिऱ्हाइकाला सारखेच दिसतात, म्हणून चांगल्या मिस्त्रीचं नुकसान होतं. म्हणून गॅरेजने दरपत्रक लावावं, जुना पार्ट न मागता हातात द्यावा. गाडीवाल्याने पुस्तिका वाचावी, काम होताना शेजारी उभं राहून विचारावं आणि चांगल्या कामाचे पूर्ण पैसे द्यावेत. जाणकार गिऱ्हाईक वाढलं की चांगल्या मिस्त्रीची मजुरी वाढेल, आणि या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर धड ब्रेकच्या गाड्या वाढतील.