गिरण्यांच्या गावातील संगीत

इंग्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लंडन शहर उभे राहते. पण सारे इंग्लंड काही लंडनमध्ये राहत नाही. उत्तरेला यॉर्कशायर भागात, लीड्स आणि मँचेस्टर या दोन मोठ्या शहरांच्या मध्ये, डोंगराच्या कुशीत हडर्सफील्ड नावाचे गाव आहे. वस्ती सुमारे दीड लाख. एकेकाळी हे गाव लोकरीच्या कापडासाठी प्रसिद्ध होते. मालेगाव किंवा भिवंडीच्या मुलांना अशा गावाचे वर्णन करून सांगायला नको. मागांचा खडखडाट, दिवसपाळी आणि रातपाळी, सारे तसेच. आता तेथील बहुतेक गिरण्या बंद झाल्या आहेत. थोड्या गिरण्यांत अजून सुटाचे उंची कापड विणले जाते. पण गिरणीच्या काळात रुजलेली एक गोष्ट अजून टिकून आहे. ती म्हणजे गावकऱ्यांनी स्वतः गायचे आणि स्वतः वाजवायचे संगीत.

या गावात १८३६ साली एक गायकमंडळ स्थापन झाले. ते आजही चालू आहे. त्यातील गायक पोटासाठी दुसरा व्यवसाय करतात आणि संध्याकाळी तालमीला येतात. दरवर्षी नाताळच्या आधी नगरभवनात हे मंडळ हँडेल या संगीतकाराची 'मसाया' ही रचना गाते. हे नगरभवन १८८१ साली उघडले. हॅलेलुया हा समूहगानाचा भाग सुरू झाला की सारे श्रोते उठून उभे राहतात.

गायनाला गळा पुरतो, पण वादनाला वाद्य लागते. मग गिरणी कामगारांनी पितळी वाद्येच का निवडली? याचे उत्तर वाद्यांच्या रचनेत आहे. जुन्या कर्ण्यातून मोजकेच स्वर निघत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत व्हॉल्वचा शोध लागला. व्हॉल्व म्हणजे बोटाने दाबायचा खटका. तो दाबला की हवा जादा नळीतून फिरून जाते. नळी लांबली की स्वर खाली उतरतो. असे तीन खटके आणि ओठांचा दाब यांच्या मदतीने सारे स्वर वाजवता येतात. बँडमधील छोट्या कॉर्नेटपासून भल्यामोठ्या ट्युबापर्यंत बहुतेक वाद्यांवर बोटांची पद्धत एकच असते. (ट्रॉम्बोन मात्र वेगळा. त्याची नळी हाताने मागेपुढे सरकवावी लागते.) त्यामुळे एक वाद्य शिकलेला कामगार गरज पडली तर दुसरेही हाती घेऊ शकत असे. शिवाय पितळी वाद्य पावसाला आणि थंडीला तोंड देते, आणि त्या डोंगराळ मुलुखात पाऊस पुष्कळ.

काही बँडना गिरणीमालकांचा आधार होता. ब्रॅडफर्डजवळच्या क्वीन्सबरी येथील ब्लॅक डाइक बँड गिरणीच्याच नावाने ओळखला जातो. हडर्सफील्डशेजारच्या ब्रिगहाउस आणि रॅस्ट्रिक या गावांनी मात्र १८८१ साली लोकवर्गणीतून आपला बँड उभा केला. १९७७ साली या बँडची एक ध्वनिमुद्रिका इंग्लंडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली होती. वर्गणीवर चाललेल्या बँडसाठी ही लहान गोष्ट नव्हे!

उन्हाळ्यात हे संगीत मोकळ्या हवेत येते. हडर्सफील्डच्या ग्रीनहेड बागेत एक गोल, छताचा चौथरा आहे. त्याला बँडस्टँड म्हणतात. मुंबईत वांद्र्याच्या किनाऱ्यावरील जागेलाही हेच नाव आहे. लोक गवतावर चादरी पसरून बसतात, मुले खेळतात आणि बँड वाजत असतो. तेथे संगीताच्या काही बैठका दारूच्या दुकानांतही होतात. बाग मात्र सर्वांची असते.

या सर्वांहून मोठा सोहळा डोंगरापलीकडे सॅडलवर्थ भागातील खेड्यांत होतो. ईस्टरनंतर सातव्या रविवारी ख्रिस्ती लोकांचा एक सण येतो. त्यानंतरच्या शुक्रवारला व्हिट फ्रायडे म्हणतात. तो मे किंवा जूनमध्ये येतो. पूर्वी या आठवड्यात गिरण्यांना सुटी असे. सकाळी चर्चच्या शाळांतील मुले मिरवणुकीने निघत आणि पुढे बँड वाजे. मुलांना नवे कपडे शिवले जात. ते दाखवायला मुले शेजाऱ्यांकडे गेली की शेजारी त्यांच्या हातावर एखादे नाणे ठेवीत. आपल्या ईदीची आठवण यावी अशीच ही रीत होती.

सकाळच्या मिरवणुका आजही निघतात. खरी गर्दी होते ती संध्याकाळी. १८८४ पासून या दिवशी बँडच्या स्पर्धा होत आल्या आहेत. (कोविडच्या साथीमुळे २०२० आणि २०२१ साली त्या झाल्या नाहीत.) डिगल, डेल्फ, अपरमिल अशा जवळजवळच्या खेड्यांत प्रत्येकाची वेगळी स्पर्धा असते. प्रत्येक बँड बसमध्ये बसून शक्य तितकी खेडी गाठतो. बस थांबली की वादक खाली उतरतात, रांगा करतात आणि रस्त्याने वाजवत चालतात. मग ठरलेल्या जागी उभे राहून दुसरी रचना वाजवतात. ती संपली की पुन्हा पळत बसकडे! हे रात्री उशिरापर्यंत चालते.

परीक्षक कोठे बसतो? तो कोणाला दिसत नाही. पडदे लावलेल्या गाडीत किंवा एखाद्या घराच्या माडीवर तो बसतो. त्यालाही बँड दिसत नाही, केवळ ऐकू येतो. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसते, फक्त आसनक्रमांक असतो. त्यातलाच हा प्रकार. नामांकित बँड असो की शाळकरी मुलांचा, परीक्षकाच्या कानाला दोन्ही सारखे. मला ही पद्धत फार आवडते.

हडर्सफील्डहून तेथे जाण्याचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. मार्सडेन गावाजवळ आगगाडी डोंगराच्या पोटात शिरते आणि पलीकडे डिगलपाशी बाहेर पडते. शेजारीच कालव्याचाही बोगदा आहे. तो सुमारे पाच किलोमीटर लांब असून १८११ साली खुला झाला. आत पायवाट नसल्यामुळे घोडे डोंगरावरून नेत आणि नावाडी नावेत उताणे पडून भिंतीला पाय रेटत नाव पुढे ढकलीत. वापराविना बंद पडलेला हा कालवा २००१ साली पुन्हा सुरू झाला. आता मार्सडेनहून लोक नावेत बसून बोगदा पाहायला जातात.

१९५० नंतर हडर्सफील्डच्या गिरण्यांत आणि कारखान्यांत पाकिस्तान, पंजाब आणि वेस्ट इंडीज बेटांवरून कामगार आले. त्यामुळे आज तेथील बाजारात उर्दू आणि पंजाबी सहज कानांवर पडते. जमैकाहून आलेल्या लोकांनी मोठमोठे ध्वनिवर्धक आपल्या हातांनी तयार केले आणि सभागृहे भाड्याने घेऊन आपल्या देशाचे संगीत ऐकवले. त्यांनाही कोणी तयार करमणूक आणून दिली नव्हती.

बँडची परंपरा टिकवणे मात्र सोपे नाही. गिरणीचा आधार गेला. वाद्ये महाग आहेत आणि एका बँडला पंचवीसहून अधिक वादक लागतात. पूर्वी बाप मुलाला वाद्य शिकवी. बँडमध्ये पुरुषच असत. आता मुलीही कॉर्नेट वाजवतात. त्या नसत्या तर अनेक बँडना वादक पुरले नसते. म्हणून पुष्कळ बँड लहान मुलांचा वेगळा बँड चालवतात. शिकाऊ मुलाला बँडच्या मालकीचे वाद्य वापरायला मिळते. पहिले काही आठवडे त्यातून नुसता भसाडा आवाज निघतो आणि तो घरच्यांनी सोसायचा असतो.